साताऱ्यातली हळद, पाहुणे विट्याचे पण पोरं कोईमतूरची: डीजेला गाण्यांची यादी कशी द्यायची?

कोरेगावची_धाकटी

नमस्कार मंडळी, ताईचं लग्न ठरलंय आणि घरात सगळ्यांनी मिळून गाण्यांचं काम माझ्या गळ्यात मारलंय, कारण काय तर मी दिवसभर कानात हेडफोन घालून असते. आमचं गाव कोरेगावजवळ. पाहुणे मूळचे विट्याकडचे पण गलाईवाले, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, तिघं भाऊ कोईमतूरला असतात आणि पोरं तिथंच जन्मली तिथंच शिकली. घरात मराठी बोलतात पण गाणी विचारली तर सगळी तमिळ. हळद आणि संगीत आदल्या दिवशी साताऱ्यातल्या एका लॉनवर एकत्रच ठेवलंय, साडेसहा ते दहा. दुसऱ्या दिवशी परण्या आणि १२:३५ ची अक्षता, तिथं बेंजो आणि सनईच आहे त्यामुळं त्याचं टेन्शन नाही.

टेन्शन आदल्या रात्रीचं. डीजेवाला दादा म्हणाला यादी द्या, मी बसून १४० गाणी काढली. आता घरात दाखवली तर प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच. पप्पांचं म्हणणं सुरुवात खंडोबाच्या गाण्यानंच झाली पाहिजे, मामाला फक्त झिंगाट पाहिजे आणि तेही तीनदा, आजी (वय ७८) म्हणते तुमचं ते धाडधाड मला छातीत लागतं, माझी एक-दोन जुनी गाणी लावा मग मी झोपायला जाते, आणि ताईनं सक्त ताकीद दिलीय की रडायचं गाणं एकही लागलं तर ती स्टेजवरून उठून जाणार. वर आमच्याकडचे नऊ डान्स आहेत, त्यात लहान मुलांचे चार. १४० बसतील का? कमी करायची तर कुठली? आणि त्या कोईमतूरच्या पोरांना खुर्चीवरून उठवायचं कसं?

साउंडवाला_कराड

ताई, तुमच्या १४० मधली शंभर आत्ताच खोडा, मग पुढचं वाचा.

मी चौदा वर्षं साउंड लावतोय, आधी डॉल्बी होता आता लहान सेटअप ठेवलाय, लग्न आणि वाढदिवस एवढंच करतो. हिशोब साधा आहे. साडेसहा ते दहा म्हणजे २१० मिनिटं. साताऱ्यातलं कुठलंही लग्न घ्या, पाहुणे पाऊण तास उशिरा येणार, ४५ गेली. नऊ डान्स, प्रत्येकी चार मिनिटं आणि पोरं स्टेजवर येईपर्यंत दोन मिनिटं, म्हणजे ५४ गेली. हळद लावायला निवांत ४० धरा, तेव्हा गाणी वाजतात पण कुणी नाचत नाही. जेवायला माणसं उठली की पाऊण तास फ्लोअर रिकामा. राहिली किती? पंचवीस-तीस मिनिटं. आता डीजे एक गाणं पूर्ण वाजवत नाही, दीड-दोन मिनिटात पुढच्यावर जातो, तरी नाचायची गाणी पंधरा झाली. जेवण चालू असताना पण काही पोरं नाचतातच ते धरून पंचवीस म्हणा. एवढंच आहे सगळं.

म्हणून यादी गाण्यांची करूच नका, माणसांची करा. साडेसहा-सातला लॉनवर कोण असतं, तर म्हातारी माणसं आणि लहान पोरं, कारण बाकीच्या बायका तयार होतायत आणि गडी माणसं पार्किंगमध्ये उभी. आजीची गाणी तेव्हाच लावा, बेस बंद करून नुसत्या दोन टॉपवर, म्हणजे वरच्या छोट्या स्पीकरवर. हे डीजेला आधी सांगायला लागतं, नाहीतर जुनी गाणी त्याच सेटिंगवर लावतो आणि ती पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखी वाटतात. जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज मुळातच खाली असतो, मग तो गेन वाढवतो, आणि लगेच पुढचं नवीन गाणं लावलं की सगळे दचकतात. आजीला छातीत लागतं ते बहुतेक यामुळंच.

हळद लागताना मराठी आणि फक्त मराठी. नवरी नटली, मल्हारवारी असली ओळखीची, आवाज मध्यम, बायकांना एकमेकींशी बोलता आलं पाहिजे. डान्स झाल्यावर जेवणाच्या आधी एक वीस मिनिटांचा तुकडा जोरात घ्या आणि मामाचं झिंगाट तिथं टाका. एकदाच. तीनदा लावलं तर तिसऱ्या वेळी फक्त मामा नाचतो आणि व्हिडिओ सगळीकडं फिरतो. शेवटचा जोर साडेनऊ ते पावणेदहा.

कागदावर तीन रकाने पाडा. लागलंच पाहिजे असं, त्यात बारा गाणी, तेरावं नको. चाललं तर चालेल असं, वीस-पंचवीस. आणि अजिबात नको असं. हा तिसरा रकाना कुणीच देत नाही आणि सगळी भांडणं त्याच्यावरनंच होतात. तुमच्या ताईची रडायची गाणी तिथं नावानिशी लिहा. डीजेला रडायचं गाणं कुठलं ते कळत नाही हो, त्याला फक्त ठेका कळतो. ऐ दिल है मुश्किल मधलं चन्ना मेरेया मी स्वतः किती लग्नात वाजवलंय, नवरा नवरी हात धरून नाचतात, आणि सिनेमात तो गडी स्वतःचं प्रेम असलेल्या पोरीच्या लग्नात ते म्हणतोय.

आणखी एक, डान्सच्या फायली व्हॉट्सअॅपवर गाणं म्हणून पाठवू नका, नावं बदलतात आणि मग नऊ फायलीतली चिंगीच्या डान्सची कुठली हे कुणालाच कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राईव्हवर द्या, नावापुढं ०१, ०२ असा नंबर टाकून. ड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, काही मशीन दुसरं वाचत नाहीत. यूट्यूबवरनं उतरवलेली गाणी मोबाईलवर बरी वाटतात, मोठ्या स्पीकरवर त्यांचा भुगा होतो, त्यामुळं ३२० केबीपीएसची फाईल मिळत असेल तर तीच घ्या.

विट्याचा_पोरगा

काय लगा, आमच्याच भावकीतलं लग्न दिसतंय 😄 मी पण गलाईवाल्याचाच, बारावीपर्यंत तिकडं होतो, सेलमला.

ती पोरं खुर्चीवर बसून राहतात ते लाजून. मराठी गाण्याचे शब्द येत नाहीत आणि इकडच्या पोरांच्या स्टेप सगळ्यांना पाठ, मग हसतील म्हणून उठत नाहीत. दोन गाणी लावा फक्त. मास्टर मधलं वाथी कमिंग आणि मारी २ मधलं रावडी बेबी. पण अशी मध्येच आणि सुटी सुटी टाकू नका, सलग लावा, एक लागलं की उठतात आणि दुसऱ्याला सगळ्या लॉनला शिकवतात. दोनच्या वर नको, नाहीतर तुमच्याकडची पोरं बसतील.

आणि एक खरी आयडिया देतो. हलगी बोलवा. तिकडं पराई म्हणून वाद्य आहे, आपल्या हलगीचीच थोरली बहीण समजा, गोल कडं, एका बाजूला कातडं, दोन काठ्यांनी वाजवतात आणि वाजवायच्या आधी जाळावर तापवतात, अगदी आपल्यासारखंच. त्यांच्या कुत्तू म्हणजे नाचायच्या गाण्यांचा ठेका पण बऱ्याचदा आपल्या लोकगीतासारखा झुलता असतो, सहाचा. माझ्या चुलतभावाच्या वरातीला हलगी-घुमकं सुरू झालं आणि ज्या पोरांनी तोवर मोबाईलमधनं डोकं वर काढलं नव्हतं ती शर्ट बाहेर काढून रस्त्यावर. तर आधी दहा मिनिटं हलगी, हलगी थांबली की त्याच लयीत डीजेनं वाथी कमिंग उचलायचं. जमलं तर बघाच तुम्ही.

साउंडवाला_कराड

हे एकदम बरोबर. फक्त हलगी आणि डीजे एकाच वेळी नको, दोघं एकमेकांना ऐकत नाहीत आणि दोघांचाही सत्यानाश होतो. हलगीवाल्याची लय डीजेनं मोजायची, पंधरा सेकंद टाळ्या मोजून चारानं गुणायचं की मिनिटाचे ठोके निघतात, आणि पुढचं गाणं त्याच्या आसपासचं घ्यायचं. आणि सहाच्या झुलत्या ठेक्यावरनं एकदम पंजाबी चारच्या ठेक्यावर उडी मारली की नाचणाऱ्याचा पाय अडकतो, माणसं थांबतात आणि पाणी प्यायला जातात. मग म्हणतात डीजे भिकार होता. मध्ये एक घोषणा किंवा डान्स घालायचा म्हणजे जोड दिसत नाही.

मिरजेची_मावशी

सगळं वाचलं. आजीचा विषय सगळ्यांनी दोन ओळीत उरकलात म्हणून लिहितेय.

पोरी, आजीला 'एक-दोन जुनी गाणी' म्हणजे नेमकी कुठली ते विचारलंस का? नाही ना. मग आपण आपल्या मनानं काहीतरी लता मंगेशकर लावतो आणि ती बिचारी हसून मान हलवते. माझ्या सासूबाईंनी असंच जुनं लावा म्हटलं होतं, आम्ही भावगीतं लावली, नंतर कळलं त्यांना शाहिरी पाहिजे होती.

आणि जुन्यात एक सापळा आहे तो तुझ्या ताईच्या दृष्टीनं सांगते. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' हे सगळ्यांना लग्नाचं गाणं म्हणून आठवतं, जा मुली जा दिल्या घरी तू सुखी रहा, ते. लिहिणारे पी. सावळाराम आपल्याच सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या येडे निपाणीचे, चाल वसंत प्रभूंची आणि आवाज लताबाईंचा. गाणं सोन्यासारखं आहे पण ते लागलं की मांडवातली प्रत्येक बाई आपापल्या लग्नाच्या दिवशी जाऊन पोचते, आणि मग तुझी ताई उठून जायची राहिली बाजूला, आधी तुझे पप्पा उठून गाडीच्या मागं जाऊन उभे राहतील. ते त्या तिसऱ्या रकान्यात पहिलं लिही. आजीनं मागितलं तर? तर तिला घरी, तिच्या खोलीत लाव.

दुसरं म्हणजे हळदीला सगळं स्पीकरवरच कशाला पाहिजे? आमच्यात अजून जात्याला सुपारी बांधून पाच सवाष्णी हळद दळतात, घाणा भरतात, त्याच्या ओव्या तुझ्या आजीला नक्की येत असणार. डीजेला सांगायचं दहा मिनिटं सगळं बंद, नुसता एक माईक आजीपुढं. तुमच्या यादीत हे गाणं नाहीच आहे आणि दुसऱ्या कुठल्या डीजेच्या यादीत पण असणार नाही.

फुकटचा_सल्ला

वरच्या कुणीच दहा वाजण्याचा विषय नीट घेतला नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि वाद्यंही चालत नाहीत, त्यामुळं 'डीजे बंद झाला की हलगी घेऊ' हा प्लॅन पण बाद. बंद हॉलला नियमात थोडी सूट आहे पण तुमचं लॉन आहे. दिवसाही राहत्या वस्तीत मर्यादा ५५ डेसिबलची आहे, म्हणजे साधारण दोन माणसं बोलतात तेवढीच, त्यामुळं कुणी तक्रार केलीच तर वाद घालायला जागा नसते. लॉनच्या १०० मीटरमध्ये दवाखाना, शाळा किंवा कोर्ट आहे का तेही बघा, तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. शेवटचं गाणं १० चं नाही, ९:५० चं धरा.

आणि लॉनवाला 'गाण्यांच्या लायसनचे' म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर देण्याआधी विचारा कशाचे ते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडए) आहे, त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ यांना सूट दिलेली आहे.

कोरेगावची_धाकटी

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मावशी, आजीला विचारलं. तिला भावगीत नकोच आहे, तिला पाहिजे ती तमाशातली एक गौळण आणि 'गोमू संगतीनं'! आजोबांबरोबर साताऱ्याला थेटरात जाऊन हा खेळ सावल्यांचा बघितला होता म्हणे. आम्हाला ७८ वर्षांत पहिल्यांदा कळलं. (आम्ही ७८ वर्षांचे नाही, तुम्हाला कळलं असेल.)

एकच अडलंय. पप्पांचं खंडोबाचं गाणं. काकाचं म्हणणं देवाची गाणी फ्लोअरवर नकोत, खाली चप्पल घालून नाचतात, कोपऱ्यात कुणी कुणी 'घेऊन' आलेले असतात, बरं दिसत नाही. यादीत देवीचं लल्लाटी भंडार पण होतं, ते काकानं पेनानं खोडलं.

विट्याचा_पोरगा

काकाला म्हणावं पाली-जेजुरीला भंडारा उधळून काय बसून राहतात का लोक 😅 नाचतातच की. आपला देवच तसला आहे.

मिरजेची_मावशी

काका बरोबर आहेत. जागरणात वाघ्या-मुरळी नाचतात ती सेवा आहे, आणि डान्स फ्लोअरवर बाटली लपवून नाचणं ही सेवा नाही. गाणं तेच असलं म्हणून जागा तीच होत नाही.

साउंडवाला_कराड

दोघांचं ठेवता येतं. गणपतीचं एक आणि खंडोबाचं एक, हळदीचं ताट येताना, सगळे उभे असतात तेव्हा. तेव्हा कुणी नाचत नाही आणि कुणी 'घेतलेलं' पण नसतं, अजून सात वाजलेत. पप्पांचं पहिलं गाणं पहिलंच लागतं आणि काकांच्या समोर त्याच्यावर कुणी उड्या मारत नाही. साडेनवाला मात्र देवाचं काही नको, हे मी माझ्या प्रत्येक कार्यक्रमात पाळतो, गिऱ्हाईकानं सांगितलं तरी.

आणि फर्माईश. डीजेच्या टेबलापाशी तुमच्याकडचा एकच माणूस उभा करा, शक्यतो ज्याला मामा घाबरतो असा. बाकी कुणी आलं तर डीजेनं त्याच्याकडं बोट दाखवायचं. एकदा एका नवरदेवाच्या मित्रानं माझ्या लॅपटॉपवर सरबत सांडलं होतं आणि वर मलाच म्हणाला गाणं का थांबलं.

कोरेगावची_धाकटी

लग्न झालं! सगळं सांगते, पाय अजून दुखतायत.

पहिली गोष्ट, साउंडवाले दादा, तुमचा हिशोब सुद्धा कमी पडला. पाहुण्यांच्या गाड्या विट्याहून येताना औंधला यमाईच्या दर्शनाला थांबल्या (ठरलं नव्हतं, कुणाच्या तरी सासूनं ऐनवेळी सांगितलं), त्यामुळं आमचं साडेसहाचं सव्वासात झालंच, वर त्यांचा फेटेवाला साताऱ्यात पोवई नाक्यावर चुकून दुसऱ्याच लॉनवर गेला. हळद सुरू व्हायला पावणेआठ. नऊपैकी सात डान्स झाले, दोन पोरं झोपली. 'लागलंच पाहिजे' मधली बारापैकी दहा लागली, दुसऱ्या रकान्यातली सात-आठ. माझ्या १४० पैकी उरलेली आता मी रोज एसटीत ऐकते.

आजीचं गोमू बेस बंद करून लावलं, लॉनवर त्या वेळी सत्तर-ऐंशी माणसंच होती आणि बऱ्याच बायका गुणगुणत होत्या. आजी खुर्चीत बसूनच हात हलवत होती. मग माईक दिला, तर ती म्हणाली माझा आवाज गेलाय, आणि पंधरा मिनिटं माईक सोडला नाही. घाण्याच्या ओव्या संपल्या तशी तिनं नवऱ्याकडच्या एकेकाचं नाव घालून ओव्या रचायला सुरुवात केली, कोईमतूर तिला म्हणता येईना तर 'कोंबतूर' म्हणाली, तिथं त्यांचे सगळे खाली पडायचे राहिले. डीजेवाला दादा घड्याळ बघत होता, मी त्याला डोळ्यांनीच सांगितलं थांब.

हलगीवाले वडूजकडचे आणले होते, तिघंच. फायबरचं पान लावलेली हलगी होती त्यामुळं जाळ करून तापवायची गंमत बघायला मिळाली नाही, पण दणका तसाच. विट्याच्या दादा, तू म्हणालास ते शंभर टक्के झालं, त्यांच्यातला एक चष्मेवाला पोरगा, जो आल्यापासून चार्जर शोधत होता, तो सरळ हलगीवाल्याच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि काठ्याच मागितल्या. वाजवता आली पण त्याला बऱ्यापैकी! मग डीजेनं वाथी कमिंग उचललं, जोड काही तुम्ही म्हणता तशी गुळगुळीत झाली नाही, मध्ये दोन सेकंद सगळे गोंधळले, पण पोरांनी ओळखलं आणि त्यानंतर काय विचारू नका. माझा मामा ज्याला फक्त झिंगाट येतं, तो रावडी बेबीवर त्या पोरांच्या मागं रांगेत उभा राहून स्टेप शिकत होता. झिंगाट एकदाच लागलं आणि त्यानं मागितलं पण नाही परत.

काकाला फर्माईशीच्या टेबलावर उभं केलं होतं. सतरा जण परत पाठवले म्हणे. एकाचं मात्र ऐकून तरी घेतलं, ते स्वतः पप्पा होते, आणि त्यांनी मागितलं काय तर गंगा जमुना. काकानं त्यांना पण परत पाठवलं.

९:५० ला बंद. लॉनच्या मॅनेजरनं लायसनचे पैसे मागितले होते आधी, मी ते कलम मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा म्हणाला बघतो साहेबांना विचारून, नंतर विषय निघालाच नाही.

दहानंतर आम्ही बायका वरच्या खोलीत गेलो, तिथं आजीनं परत सुरू केलं, आता माईक नाही काही नाही, दार लावून. तिकडच्या दोन पोरी बसल्या होत्या शेजारी, एक मोबाईलवर रेकॉर्ड करत होती आणि दुसरी तिला मध्येमध्ये तमिळमध्ये अर्थ सांगत होती, तिला तरी कितपत कळत होता कुणास ठाऊक. एक वाजेपर्यंत चाललं. ताई तेवढी झोपली होती, सकाळी मेकअपवाली पाचला येणार होती.

तर साउंडवाले दादा, एक काम होतं. माझा पेनड्राईव्ह डीजेवाल्याकडंच राहिलाय आणि तो दोन दिवस फोन उचलत नाहीये. त्यात गाण्यांबरोबर साखरपुड्याचे सगळे फोटो पण आहेत आणि ताईला अजून हे माहीत नाही. साताऱ्यातलाच आहे, निळी टेम्पो आहे त्याची, मागं जय मल्हार लिहिलंय. तुमच्या ओळखीचा असेल तर बघा ना.

साउंडवाला_कराड

ताई, मागं जय मल्हार लिहिलेल्या निळ्या टेम्पो मला एकट्या कराड-सातारा रोडवर अकरा माहीत आहेत. नंबर मेसेजमध्ये पाठवा, बघतो.